लाल रंग सर्वांत शेवटी

पानझडी जंगलात चांगला पाऊस होऊन गेला, की कुजत्या पानांच्या तपकिरी थरातून एखादी लाल टोपी वर येते आणि मग आजूबाजूचे दुसरे काही दिसेनासे होते. करडी, मातकट, पांढुरकी अळंबी तिथे पावलोपावली असते, पण तिच्यावर नजर ठरत नाही. लाल अळंबीपुढे मात्र माणूस थबकतो, खाली बसतो आणि विचारतो, ही कोणती? हा प्रश्न विचारतानाच त्याने उत्तराचा अर्धा भाग मनाशी धरलेला असतो, कारण जो रंग त्याला इतक्या दुरून दिसला, तोच त्या अळंबीची मुख्य खूण असणार, असे त्याला अगदी स्वाभाविकपणे वाटते. जंगलातल्या बुरशींचा नाद लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र आता असे ठामपणे वाटते, की लाल अळंबी ओळखताना सर्वांत कमी भरवशाची गोष्ट कोणती असेल, तर ती तिचा लाल रंग. बाकी सगळे पाहून झाल्यावर, अगदी शेवटी, त्याच्याकडे वळावे.

याची कारणे रंगातच आहेत. लाल टोपी ही एका कुळाची मिरास नाही. रुसुला, अमानिता, हायग्रोसायबे आणि बोलीट या परस्परांपासून बऱ्याच दूरच्या गटांमध्ये लाल टोपीच्या जाती आहेत आणि त्यांचा लाल रंग रासायनिकदृष्ट्याही एक नाही. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या प्रसिद्ध अमानिता मस्कारियाची लाली बीटालेन वर्गातल्या रंगद्रव्यांची आहे. बीटाच्या कंदाला आणि बोगनवेलीला रंग देणारी द्रव्ये याच वर्गातली. रुसुलांच्या टोपीतली रंगद्रव्ये निराळी असून पाण्यात सहज विरघळणारी आहेत. त्यामुळे रात्रभर पाऊस झाला, की काल गडद लाल दिसलेली रुसुला आज गुलाबी, मधोमध पिवळसर आणि कडेला जवळजवळ पांढरी झालेली आढळते. अमानिता मस्कारियाही उन्हापावसाने नारिंगी, पिवळट होत जाते, आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात तर तिचा जन्मतःच पिवळा असलेला प्रकार जंगलात सर्रास उगवतो. त्याच्या उलट, एरवी जांभळ्या किंवा हिरवट छटांच्या असणाऱ्या काही रुसुला कधी कधी चक्क लालसर निघतात. तेव्हा रंगावरून सुरुवात करणारा माणूस पहिल्याच पावलाला वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आणतो आणि एकच गोष्ट अनेक ठिकाणी वाटून टाकतो.

मग सुरुवात कुठून करावी? माझ्या मते जमिनीपासून, आणि खरे तर जमिनीच्या आतून. अळंबीचे छायाचित्र काढणारे बहुतेक जण ते वरून काढतात, आणि तोडणारे बहुतेक जण दांडा मधेच मोडून घेतात; दोघांच्याही हाती नेमका तो भाग येत नाही ज्यावर प्रसंगी एखाद्याचा जीव अवलंबून असतो. बोटे किंवा सुरीचे पाते दांड्याच्या शेजारून खोल घालून, भोवतीची माती आणि पाने सैल करून, संपूर्ण अळंबी बुंध्यासकट अलगद वर उचलावी. नुसत्या हाताळण्याने अळंबीची विषबाधा होत नाही, त्यामुळे या कामात भिण्यासारखे काही नाही. बुंध्याला चिकटलेली माती लगेच झटकू नये. तिथे एखादी पांढरी पातळ पिशवी आहे का, फुगीर गड्डा आहे का, गड्ड्यावर खवल्यांची एकावर एक वर्तुळे आहेत का, की दांडा साधा, सरळ, काही न पांघरता जमिनीत गेला आहे, हे पाहावे.

पिशवी किंवा गड्डा दिसला, की अमानिता वंशाचा विचार प्रथम करायचा. या वंशातली कोवळी अळंबी संपूर्णपणे एका आवरणात गुंडाळलेली असते. ती वाढून वर येताना हे आवरण फाटते. त्याचा खालचा भाग बुंध्याशी उरतो आणि वरचा भाग अनेक जातींत टोपीवर तुकड्यांच्या रूपाने राहतो. अमानिता मस्कारियाचे ते पांढरे ठिपके म्हणजे दुसरे काही नसून या फाटलेल्या आवरणाचे अवशेष आहेत. ते टोपीच्या कातडीचा भाग नसतात, नुसते वर टेकलेले असतात, आणि म्हणूनच जोराच्या सरींनी धुऊन जातात. ठिपके नाहीत म्हणजे ही ती नव्हे, हा निष्कर्ष त्यामुळे किती घातक आहे हे उघड आहे. ठिपके गेले तरी बुंध्याचा गड्डा, त्यावरची खवल्यांची वर्तुळे, दांड्यावर लोंबणारे पातळ पांढरे कडे आणि टोपीखालचे पांढरे, दांड्याला न चिकटलेले पडदे मागे राहतात. या पडद्यांना सगळे अभ्यासक गिल्सच म्हणतात, म्हणून मीही पुढे तोच शब्द वापरतो. टोपीची कातडी थोडी सोलली, तर तिच्या लगेच खाली मांसाचा पिवळसर पट्टाही दिसतो.

या अळंबीच्या विषाचा इतिहास मला इथे सांगावासा वाटतो, कारण त्यातही जे आधी हाती लागले तेच मुख्य मानले गेले. १८६९ साली श्मीडेबर्ग आणि कॉप्पे या शास्त्रज्ञांनी तिच्यातून मस्करिन हे विषद्रव्य वेगळे केले, आणि त्यानंतर दीर्घ काळ तिच्या सगळ्या परिणामांचे खापर या एका द्रव्यावर फोडले गेले. प्रत्यक्षात तिच्यात मस्करिन अगदी नाममात्र असते. गुंगी, भ्रम, तोल जाणे, मधेच उत्तेजित होणे ही लक्षणे ज्यांच्यामुळे उद्भवतात, ती आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल ही द्रव्ये १९६०च्या दशकात ओळखली गेली. नाव मात्र मस्करिनला या अळंबीचेच चिकटून राहिले.

हीच अमानिता आणि तिची एक बहीण यांच्यातला भेद हा लाल अळंबीच्या ओळखीतला माझा सर्वांत आवडता धडा आहे. दक्षिण युरोपातल्या ओकच्या उबदार जंगलांत अमानिता सिझेरिया उगवते. तिची टोपी नारिंगी-लाल आणि गुळगुळीत असते, आणि ती रोमन काळापासून खाण्यासाठी नावाजलेली आहे. ठिपके धुऊन गेलेली, रंग उतरलेली अमानिता मस्कारिया वरून पाहिली, तर या दोघींत फरक करणे अवघड आहे. उलटी करून पाहिली, तर फरक झटकन दिसतो. सिझेरियाच्या गिल्स, दांडा आणि दांड्यावरचे कडे ही सगळी सोनेरी पिवळी असतात आणि बुंध्याशी जाड पांढऱ्या पिशवीचा पेला असतो. मस्कारियाचे हे सगळे भाग पांढरे असतात आणि बुंध्याशी पेला नसून खवल्यांचा गड्डा असतो. म्हणजे ज्या बाजूला लाल रंग आहे ती बाजू गोंधळात टाकते, आणि जिथे लाल रंगाचा लवलेश नाही ती बाजू उत्तर देते. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत सिझेरियाची जागा अमानिता जॅक्सोनी घेते आणि तिच्याही गिल्स पिवळ्याच असतात.

पण पानझडी जंगलात भेटणाऱ्या लाल टोप्यांपैकी बऱ्याचशा अमानिता नसतात, रुसुला असतात. बुंध्याशी पिशवी नाही, दांड्यावर कडे नाही, गड्डा नाही. टोपी लाल, दांडा पांढरा, गिल्स पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाच्या. अशी अळंबी हातात आली, की मी दांड्याचा एक तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वाकवतो. इतर बहुतेक अळंब्यांचा दांडा असा वाकवल्यावर धाग्याधाग्याने फाटतो. रुसुलाचा दांडा खडूसारखा टचकन तुटतो आणि तुटलेली कड स्वच्छ, कोरडी, दाणेदार असते. गिल्सवरून बोट फिरवले, तर बहुतेक जातींत त्याही मोडतात आणि त्यांचे कण बोटावर येतात. अळंबीचे मांस साधारणपणे लांबट, धाग्यासारख्या पेशींनी विणलेले असते. रुसुलाच्या मांसात त्या धाग्यांच्या मधोमध गोल, फुगीर पेशींचे पुंजके ठासून भरलेले असतात, आणि ताण पडला की ते एकमेकांपासून सुटतात. तुटलेल्या कडेवर दुधासारखा द्रव आला, तर मात्र ती रुसुला नव्हे, तिचा सख्खा वंश असलेली लॅक्टॅरियस. क्रिस्तियान पेर्सून या अभ्यासकाने १७९६ साली रुसुला हा वंश स्थापन केला. आज त्यात शेकडो जाती नोंदलेल्या आहेत आणि ही संख्या वाढतेच आहे.

इथपर्यंत पोहोचायला पाच मिनिटे लागतात. इथून पुढे, म्हणजे कोणती रुसुला हे सांगायला, कित्येकदा पाच दिवसही पुरत नाहीत, आणि या कामाची खरी गोडी मला इथेच वाटते.

पुढची खूण अळंबीत नसतेच. ती डोक्यावर असते. मान वर करून कोणत्या झाडाखाली आपण बसलो आहोत, हे पाहायचे. रुसुला, अमानिता आणि बोलीट यांच्या बहुतेक जाती झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. बुरशीचे तंतू मुळांच्या बारीक टोकांभोवती आवरण करतात, झाडाला पाणी आणि खनिजे पुरवतात आणि मोबदल्यात साखर घेतात. या जोडीला मायकोरायझा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक याने १८८५ साली दिले. बुरशींच्या पुष्कळ जाती ठरावीक झाडांशीच हे नाते जोडतात, त्यामुळे झाड ओळखता आले, की शक्यतांची यादी एकदम आखूड होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रुसुला एमेटिका. कोणतीही लाल आणि तिखट रुसुला दिसली की तिला हे नाव देऊन मोकळे होण्याची सवय फार जुनी आणि फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात खरी एमेटिका ओलसर, शेवाळी जमिनीवर, सूचिपर्णी वृक्षांच्या सोबतीने वाढते. बीच वृक्षाखालच्या कोरड्या पानांतून वर येणारी, तशीच लाल आणि तशीच तिखट असलेली जात रुसुला नोबिलिस होय. तिच्या टोपीची कातडी कडेकडून ओढली तर फार आत येत नाही, सुमारे एक तृतीयांश अंतरावर अडते, आणि सोललेल्या जागी मांस गुलाबी दिसते. एमेटिकाची कातडी बरीच आतपर्यंत सहज निघते. ओकखाली भेटणारी, जांभळट लाल आणि मध्यभागी जवळजवळ काळी असणारी रुसुला अ‍ॅट्रोपर्प्युरिया आणखी वेगळी. दांड्यावरही गुलाबी झाक असलेली, मांसाने टणक आणि टोपीवर चकाकी नसलेली रुसुला रोझिया त्याहून वेगळी. पानझडी जंगलात बसून एमेटिका हे नाव उच्चारणाऱ्याने आजूबाजूला एखादे सूचिपर्णी झाड आहे का, हे तरी आधी पाहावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

यानंतर बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा. हे काम घरी आणल्यावरचे आहे आणि माझ्या लेखी ते टाळण्यासारखे कधीच नाही. टोपी दांड्यापासून अलग करायची, गिल्स खाली येतील अशी काचेच्या तुकड्यावर ठेवायची, वर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि वाऱ्याने सुकू नये म्हणून भांडे उपडे घालायचे. काही तासांत, फार तर दुसऱ्या सकाळी, टोपी उचलली की काचेवर गिल्सची हुबेहूब नक्षी उमटलेली असते : मध्यातून कडेकडे जाणाऱ्या बारीक सरळ रेषा, आणि प्रत्येक रेष म्हणजे असंख्य बीजाणूंची मऊ पूड. ही पूड पात्याने खरवडून एका जागी गोळा करायची आणि दिवसाच्या उजेडात, दिव्याखाली नव्हे, पांढऱ्या कागदाशेजारी धरून पाहायची. रुसुलांमध्ये ती स्वच्छ पांढऱ्यापासून मलईच्या रंगातून थेट गडद पिवळ्यापर्यंत जाते आणि या छटांतला फरक जाती ठरवताना टोपीच्या लाल रंगापेक्षा कितीतरी पटींनी अधिक उपयोगी पडतो. नोबिलिसचा ठसा पांढरा, रोझियाचा मलईच्या रंगाचा, तर काही लाल रुसुलांचा हळदी छटेकडे झुकणारा. बीजाणूंच्या रंगाला हे महत्त्व स्वीडिश अभ्यासक एलियास फ्रीस याने १८२१ पासून आपल्या वर्गीकरणात दिले आणि दोनशे वर्षांनंतरही ओळखीच्या कामात ते कायम आहे. वरून दोन अळंब्या अगदी सारख्या लाल दिसाव्यात आणि रात्रभरात एकीने पांढरी आणि दुसरीने पिवळी पूड काचेवर ठेवावी, हे कितीही वेळा पाहिले तरी मला नव्याने आनंद होतो.

चवीबद्दल मात्र मला सावधपणेच बोलायचे आहे. अनुभवी अभ्यासक रुसुलाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जिभेच्या टोकाशी चावून लगेच थुंकून टाकतात, कारण तिखट आणि सौम्य हा भेद या वंशात मोलाचा आहे. ही पद्धत वंशाची पूर्ण खात्री झाल्यानंतरच वापरायची असते, वंश शोधण्यासाठी नव्हे. नवख्या माणसाने ती वापरूच नये, असे माझे मत आहे. वासावरून, कातडीवरून, ठशावरून आणि झाडावरून जेवढे कळते तेवढे त्याला पुष्कळ आहे. ज्याला आणखी पुढे जायचे आहे, त्याने फेरस सल्फेट या लोहाच्या क्षाराचा खडा दांड्यावर घासावा. बहुतेक रुसुलांत तिथे मळकट गुलाबी डाग पडतो. खेकड्यासारखा वास येणाऱ्या झेराम्पेलिना गटात तो हिरवा होतो. आणि सूक्ष्मदर्शक असेल, तर चेक अभ्यासक मेल्झर याने १९२४ साली सुचवलेल्या आयोडीनच्या द्रावणात बीजाणू टाकून पाहावेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेल्या त्या गोलावर निळ्या-काळ्या टोकदार उंचवट्यांची आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची नक्षी एकदम ठळक होते, आणि ती नक्षी जातीजातीत बदलते.

बाकीच्या लाल टोप्यांना फार वेळ लागत नाही. टोपीखाली गिल्सच्या जागी स्पंजासारखी छिद्रे असली, की ती बोलीट. छिद्रांवर दाबले असता ती निळी होतात का, हे पाहून पुढे जावे. गिल्स जाडसर, विरळ आणि मेणचट असतील, तर हायग्रोसायबे. जमिनीतून न येता पानझडी झाडाच्या जुन्या खुंटातून घोसाने उगवलेली, विटेच्या रंगाची टोपी असेल, तर हायफोलोमा लॅटेरिशियमचा विचार करावा. तिचा ठसा गडद जांभळट तपकिरी असतो.

एका अळंबीपाशी मात्र थांबायलाच हवे, आणि ती खऱ्या अर्थाने लाल नाही. कॉर्टिनारियस ओरेलानस ही पानझडी जंगलांतली जात तांबूस-नारिंगी, कोल्ह्याच्या अंगाच्या रंगाची असते, आणि रंगाच्या बाबतीत ढिलाईने बोलणारा माणूस तिलाही लाल टोपीची अळंबी म्हणून मोकळा होईल. तिच्यातले ओरेलानिन हे विष मूत्रपिंडे निकामी करते. १९५०च्या दशकात पोलंडमध्ये तिने लोकांचे बळी घेतले, तेव्हा कुठे ती विषारी असल्याचे ध्यानात आले. तोपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष न जाण्याचे कारण भयंकर आहे : लक्षणे दोन-तीन दिवसांनी, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात, आणि तोपर्यंत खाल्लेल्या अळंबीची आठवणही मागे पडलेली असते. ठसा घेतला, तर ही अळंबी स्वतःला लपवू शकत नाही. तिचे बीजाणू गंजाच्या रंगाचे असतात, रुसुलाच्या किंवा अमानिताच्या जवळपासही न जाणारे.

म्हणून ही कोणती आणि ही खाता येईल का, हे दोन प्रश्न मी कधीच एकत्र येऊ देत नाही. दुसरा प्रश्न मनात असला, की पहिल्याचे उत्तर माणूस आपल्या सोयीने देतो. गोगलगायींनी कुरतडलेली अळंबी निर्धोक असते, चांदीचे नाणे काळे पडले नाही तर विष नसते, असल्या समजुती या घाईतूनच जन्माला आल्या असाव्यात आणि त्या सगळ्या खोट्या आहेत. गोगलगायी अतिविषारी अमानिताही निवांत खातात. ज्या लाल अळंबीचे नाव जाणकाराने ती प्रत्यक्ष हातात घेऊन सांगितलेले नाही, ती खाऊ नये, आणि निव्वळ छायाचित्रावरून सांगितलेले नाव तर या कामी मुळीच धरू नये.

इतके सगळे करूनही पुष्कळदा जातीचे नाव हाती लागत नाही. २०१२ साली बुरशींच्या ओळखीसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा अधिकृत मानक म्हणून सुचवला गेला, आणि त्या कसोटीवर पाहिल्यावर ज्यांना आपण एक जात म्हणत होतो, अशी कितीतरी नावे प्रत्यक्षात अनेक जातींचे गट निघाली. युरोपातल्या जातींची नावे दुसऱ्या खंडांतल्या लाल रुसुलांना सरसकट लावली गेली होती, तीही आता एकेक करून सोडवावी लागत आहेत. यात मला निराशाजनक काही वाटत नाही. रुसुला, लाल, जात अनिश्चित, अशी नोंद करणे हे पुराव्याने जेवढे नेले तेवढेच जाणे आहे, आणि अशी नोंद चुकीच्या नेमक्या नावापेक्षा पुढच्या अभ्यासकाला कितीतरी अधिक कामाची ठरते, अट एवढीच की तिच्यासोबत बाकीची माहिती असली पाहिजे.

ती माहिती मी सुकवलेल्या नमुन्याच्या पाकिटावर त्याच दिवशी लिहितो, कारण सुकल्यावर रंग, वास आणि ठिसूळपणा यांतले काहीच जसेच्या तसे राहत नाही. तारीख आणि जागा, वरचे झाड आणि त्याच्या शेजारची झाडे, अळंबी मातीत होती की लाकडावर, बुंधा कसा होता, दांडा कसा तुटला, कातडी कुठवर सोलली गेली, सोललेल्या जागी मांसाचा रंग काय होता, वास कसला होता, फेरस सल्फेटने काय झाले, हे सगळे क्रमाने येते, आणि ठशाची काच वेगळ्या कागदात गुंडाळून त्याच पाकिटात जाते. टोपीचा रंग मी सर्वांत खालच्या ओळीत लिहितो, आणि त्याच्यापुढे आदल्या रात्री पाऊस पडला होता की नाही, तेही लिहितो.